लखोटे उघडा, मग नादारीचे बोलू

सांगलीच्या एका वाचकांचे चार पानी पत्र माझ्यासमोर आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. वय ४७, मारुती रोडच्या बाजूला भाड्याच्या गाळ्यात तयार कपड्यांचे दुकान; घरी पत्नी, बारावीतील मुलगी आणि वृद्ध आई. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गाळ्यात शिरले आणि गणपती-दिवाळीसाठी भरलेला माल चिखलात गेला. त्यातून उभे राहत असतानाच टाळेबंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज, असे करता करता आज बँकेचे कॅश क्रेडिट ११ लाख (राहते घर तारण), पतसंस्थेचे ६ लाख (दोन जामीनदार), एका वित्त कंपनीचे ३ लाख ४० हजार, क्रेडिट कार्डाचे १ लाख ६० हजार, नातेवाइकांचे हातउसने २ लाख आणि एका सावकाराचे ४ लाख, असे २८ लाखांचे देणे झाले आहे. दुकानातून खर्च वजा जाता २२ हजार सुटतात, पत्नीच्या शिवणकामाचे ७ हजार येतात, आणि महिन्याची मागणी आहे ६३ हजारांची. तीन आठवड्यांपूर्वी बँकेची सरफेसीची (तारण मालमत्ता बँकेला स्वतः ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याची) नोटीस आली आहे.

ते लिहितात: ‘काका, दिवाळे काढले की सगळे मिटते, असे एक जण म्हणाला. त्याआधी घर बायकोच्या नावावर करून टाक, असेही तोच म्हणाला. हे खरे आहे का? नादारीचा अर्ज कुठे करतात? मला तुरुंगात टाकतील का? पत्नीला बँक आणि पतसंस्था एवढेच माहीत आहे. मुलीला काय सांगू, ते सुचत नाही. कधी कधी वाटते, मी नसतो तर विम्याच्या पैशांत सगळे सुटले असते.’

सप्रेम नमस्कार.

विम्याचे ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण मी ते पुन्हा पुन्हा वाचले आणि उत्तर तिथूनच सुरू करतो. तो विचार हिशेब म्हणूनसुद्धा चुकीचा आहे. माणूस गेल्याने घरावरचा बोजा उतरत नाही, जामीनदार सुटत नाहीत, आणि ज्या पत्नीला अर्धे देणे माहीतच नाही तिला ते सगळे कागद एकटीने उघडावे लागतात. परंतु मी हिशेबासाठी हे लिहीत नाही. तुमच्या मुलीला भाड्याच्या घरातला बाप चालेल, फोटोतला चालणार नाही. हा विचार पुन्हा मनात आला, तर तो आला असे त्याच क्षणी कोणाला तरी सांगा. १४४१६ हा टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तिथे फोन करण्यास पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही माणूस बोलतो आणि मराठीत बोलता येते. शासकीय रुग्णालयातील मानसोपचाराच्या ओपीडीत जाऊन डॉक्टरांना दाखवा. तीन महिने झोप नाही असे तुम्हीच लिहिले आहे, आणि न झोपलेल्या माणसाने २८ लाखांचे निर्णय घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट, पत्नीला सगळे सांगा, आणि या आठवड्यातच सांगा. मी एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर पंचवीस वर्षे बसलो आहे. बुडालेली खाती मी पुष्कळ पाहिली, आणि त्यातली बरीचशी रकमेपेक्षा लपवालपवीने बुडालेली होती. २००५ च्या पुरानंतर असेच एक व्यापारी माझ्याकडे आले होते. हातात कापडाची पिशवी होती, तिच्यात एकतीस लखोटे होते आणि त्यातला एकही फोडलेला नव्हता. पोस्टमन आला की ते पत्र दुकानातल्या गल्ल्याखालच्या खणात टाकत आणि खण बंद करत. आम्ही दोघांनी मिळून ते सगळे टेबलावर फोडले. त्यातल्या एका लखोट्यात आमच्याच संस्थेचे पत्र होते: ठरावीक मुदतीत मुद्दल भरल्यास थकीत व्याज माफ. ती मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. मी त्यांना घेऊन संचालक मंडळापुढे गेलो, विनंती केली, पण मुदत वाढवून मिळाली नाही. ते गृहस्थ खुर्चीत बसून त्या पत्रावरची तारीख पुन्हा पुन्हा बोटाने पुसत होते, ते मला अजून दिसते. म्हणून सांगतो, आधी लखोटे उघडा.

एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक देणेकऱ्याला चार पाने द्या. पहिल्या पानावर मूळ रक्कम, उचल घेतल्याची तारीख, ठरलेला व्याजदर, आजवर भरलेली रक्कम आणि आजची मागणी लिहा. त्यापुढे कोणती कागदपत्रे तुमच्याकडे आहेत आणि कोणती त्यांच्याकडे, हे लिहा. आणि शेवटच्या पानावर कोणाचा फोन कधी आला, तो काय बोलला, याची तारीखवार नोंद ठेवा. बँकेकडून, पतसंस्थेकडून आणि वित्त कंपनीकडून खाते उतारे लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. हे काम पत्नीला शेजारी बसवून करा. पुढे तडजोड करायची ठरली, घर विकायचे ठरले किंवा नादारीचा, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असे न्यायालयाकडून घोषित करून घेण्याचा, अर्ज करायचा ठरला, तरी तिन्ही ठिकाणी हीच वही लागणार आहे.

आता सावकार. तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि तुम्ही तो चार ओळींत उरकला आहे. ४ लाख रुपये, शेकडा पाच दरमहा, तीस महिन्यांपासून महिन्याला २० हजार रोख, पावती एकही नाही, आणि त्याच्याकडे तुमचे तीन कोरे धनादेश व सही केलेला कोरा मुद्रांक कागद. आधी आकडे मांडू. तीस महिने गुणिले २० हजार म्हणजे ६ लाख रुपये तुम्ही त्याला दिले आहेत आणि त्याच्या मते मुद्दल चार लाख जसेच्या तसे शिल्लक आहे. शेकडा पाच दरमहा म्हणजे दसादशे साठ टक्के. महाराष्ट्रात सावकारीचा धंदा करायचा तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना लागतो, आणि परवाना असलेल्या सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर शासनाने ठरवून दिलेला कमाल दर वर्षाला १८ टक्के आहे. त्या दराने सरळव्याज धरले तर ४ लाखांवर तीस महिन्यांचे व्याज १ लाख ८० हजार होते. मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख ८० हजार. तुम्ही ६ लाख दिले आहेत. म्हणजे कायद्यातल्या सर्वांत चढ्या दरानेसुद्धा हे कर्ज फिटले आहे, आणि तुमच्या २८ लाखांच्या यादीतले हे ४ लाख माझ्या मते यादीत असायलाच नकोत.

विनापरवाना सावकारीला या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालयातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करायची. सावकारांचे जिल्हा निबंधक तेच असतात. तालुक्याला सहायक निबंधकांकडेही तक्रार देता येते. अर्जात रकमा, तारखा, पैसे कोणासमोर दिले त्यांची नावे, फोनवरचे निरोप आणि कोऱ्या धनादेशांचे क्रमांक लिहा. हे क्रमांक तुमच्या चेकबुकाच्या अर्धुकावर सापडतील. या कार्यालयाला झडती घेण्याचे अधिकार आहेत आणि अशा झडत्यांत कोरे धनादेश व मुद्रांक सापडतात. हे सांगताना मला तुमच्या भीतीची पूर्ण कल्पना आहे. दारात येऊन बसणारा माणूस कलमे वाचत नाही. त्यामुळे एकट्याने त्याच्याशी वाद घालायला जाऊ नका. वकिलामार्फत तक्रार द्या, तिची एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, धमकी आली तर त्याच दिवशी लेखी कळवा, आणि यापुढे रोखीने पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

धनादेशांबाबत एक सावधगिरी. बँकेला ‘स्टॉप पेमेंट’ कळवले म्हणजे खटला होत नाही, असा समज आहे; तो खरा नाही. धनादेश न वटता परत गेला आणि ३० दिवसांच्या आत तुम्हाला मागणीची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवस तुमच्या हातात असतात. या १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलेच पाहिजे: पैसे किती घेतले, किती फेडले, धनादेश कोरे दिले होते आणि निबंधकांकडे तक्रार कोणत्या तारखेला केली आहे. धनादेशांना लागू असलेल्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि नादारीच्या अर्जाने हा खटला मिटत नाही. म्हणूनच निबंधकांकडची तक्रार आधी, धनादेश बँकेत पडण्यापूर्वी, व्हायला हवी.

घर पत्नीच्या नावावर करण्याचा सल्ला ज्याने दिला, त्याने तुमचे भले चिंतिले असेल, पण तो सल्ला तुम्हाला खड्ड्यात घालणारा आहे. सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस मिळाल्यानंतर तारण मालमत्ता बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय विकता, भाड्याने देता किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित करता येत नाही. तसे करणे हा गुन्हा आहे. समजा नोटीस नसती, तरी पत्नीच्या नावे केलेल्या बक्षीसपत्राने गहाणाचा बोजा उतरला नसता. आणि पुढे तुम्ही नादार ठरलात, तर अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेले असे हस्तांतर न्यायालय रद्द ठरवू शकते, आणि मालमत्ता दडवल्याचा ठपका आला तर नादारीतून मुक्तता मिळणे अवघड होते. प्रामाणिकपणे बुडालेल्या माणसाला कायदा वाट देतो. लपवणाऱ्याला देत नाही, आणि तुम्ही आजवर पहिल्या प्रकारात आहात.

मग घराचे काय करायचे? मी स्पष्ट लिहितो, कारण तुम्ही सल्ला मागितला आहे. घर विका, आणि बँकेने विकण्यापूर्वी तुम्ही स्वतः विका. शेजारचे घर मागील वर्षी ज्या भावाने गेले त्यावरून तुमच्या घराचे २१ लाख येतील, असे तुम्ही लिहिता. सावकार वगळता देणे २४ लाख. त्या २१ लाखांतून बँकेचे ११ गेले, १० उरले. पतसंस्थेचे ६ गेले, ४ उरले. आणि वित्त कंपनी, कार्ड व नातेवाईक मिळून ७ लाख बाकी. दुकानात खरेदी किमतीने ३ लाखांचा माल आहे. हे गणित जुळत नाही, पण फार तुटतही नाही, आणि तेच घर लिलावात गेले तर ते नक्की तुटेल, कारण लिलावात ताब्याचा, जाहिरातीचा खर्च आणि तोवरचे व्याज तुमच्याच माथी येते आणि भावही पडतो. वडिलांनी बांधलेले घर विका म्हणून पत्रातून सांगणे सोपे आहे, हे मला कळते. तुमच्या आई त्या घरात सून म्हणून आल्या. तरीही सांगतो, कारण घर हातचे जाणारच असेल तर ते तुमच्या सहीने, तुमच्या किमतीने आणि तुमच्या वेळेने जावे.

यासाठी नोटिशीतले उरलेले दिवस वापरा. साठापैकी एकवीस गेले. बँकेला नोटिशीचे लेखी उत्तर द्या. त्यात थकबाकीच्या आकड्याबद्दल हरकत असेल ती मांडा आणि घर स्वतः विकून पूर्ण भरणा करण्यासाठी संमती व मुदत मागा. तुमच्या हरकतीला बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. त्याच अर्जात एकरकमी तडजोडीचाही विचार व्हावा असे लिहा, कारण थकीत व्याजात सूट मागण्याची ही वेळ आहे. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी संपूर्ण येणे भरले तर बँकेला मालमत्ता विकता येत नाही. त्यानंतर हा हक्क राहत नाही. बँकेने ताब्याची कारवाई केलीच आणि तिच्यात चूक असेल, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते, पण केवळ वेळ काढण्यासाठी तिकडे पैसे घालवू नका.

पतसंस्थेकडे जाताना दोन्ही जामीनदारांना बरोबर घेऊन जा. एक तुमचा मेहुणा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दुसरे शेजारचे दुकानदार. आपण ‘नुसती सही दे’ म्हणतो, समोरचा चहा पिता पिता सही करतो, आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते हे त्याला पगारातून कपात सुरू झाल्यावर समजते. पतसंस्थेला दिवाणी दावा लावण्याची गरज नसते. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवला की वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो, आणि कर्जदार व जामीनदार यांपैकी कोणाकडेही जाऊ शकतो. तो दाखला निघण्याआधी संस्थेत जा, घर विकून तुमचे येणे देणार आहे असे लेखी द्या आणि तोपर्यंत व्याजापुरती का होईना, रक्कम भरत राहा. मेहुण्याला हे तुमच्या तोंडून कळू द्या, नोटिशीतून नको. टेबलाच्या पलीकडे बसून मी हे पाहिले आहे: जो कर्जदार जामीनदाराला घेऊन स्वतः येतो, त्याचा अर्ज मंडळापुढे वेगळ्या नजरेने वाचला जातो.

वित्त कंपनी आणि क्रेडिट कार्ड यांची भीती सर्वांत कमी बाळगा, कारण त्यांच्याकडे तारण नाही. कार्डाची किमान रक्कम भरण्यासाठी नवे कर्ज काढणे आजपासून बंद करा. तडजोड करा, ती लेखी पत्र हातात आल्यावरच पैसे भरून करा, आणि शेवटी बेबाकी पत्र (काहीही देणे उरले नाही असे पत्र) घ्या. पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा काही वर्षे राहील. राहू द्या, तुम्हाला इतक्यात नवे कर्ज घ्यायचेच नाही. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करू नये, शिवीगाळ करू नये, नातेवाइकांना गाठून अपमान करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. असे घडले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पतसंस्थेविरुद्धची तक्रार मात्र तिकडे चालत नाही, ती सहकार खात्याकडे करावी लागते.

आता तुमचा मूळ प्रश्न, नादारीचा. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेबद्दल तुम्ही वाचले आहे. तिच्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. तुमच्यासारख्या दुकानदारासाठी जुना रस्ताच आहे, प्रांतिक नादारी अधिनियम, १९२०, आणि त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. देणी फेडण्यास असमर्थ असणे आणि देणे किमान पाचशे रुपये असणे (हा आकडा १९२० सालचा आहे) एवढ्यावर अर्ज करता येतो. अर्जासोबत सर्व देणेकऱ्यांची आणि सर्व मालमत्तेची यादी द्यावी लागते. न्यायालयाने नादार घोषित केले की तुमची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या प्राप्तकर्त्याकडे (रिसीव्हरकडे) जाते, ती विकून देणेकऱ्यांत वाटली जाते, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणी देणेकरी तुमच्यावर नवा दावा लावू शकत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. अंगावरचे व अंथरूण-पांघरुणाचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, स्त्रीने धर्माचाराप्रमाणे अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, या वस्तूंना जप्तीतून सूट आहे. पत्नीचे शिलाई मशीन तर तिचे स्वतःचे आहे, त्याची काळजी करू नका.

मात्र ‘सगळे मिटते’ हे खरे नाही. तारण असलेल्या बँकेचा हक्क नादारीने अडत नाही; ती घर विकू शकते. जामीनदार सुटत नाहीत; उलट तुमच्यावरचा दरवाजा बंद झाला की पतसंस्था थेट मेहुण्याकडे वळते. सरकारी देणे आणि फसवणुकीने घेतलेले कर्ज माफ होत नाही. नादार घोषित होणे ही पहिली पायरी आहे. मुक्ततेचा अर्ज न्यायालयाने दिलेल्या मुदतीत वेगळा करावा लागतो, आणि हिशेबाच्या वह्या नसतील, फेडता येणार नाही हे माहीत असूनही धंदा रेटत राहिला असाल, किंवा मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही सुटत नसतील आणि ते तुमच्या चुकीमुळे घडले नाही असे तुम्ही दाखवू शकत नसाल, तर पूर्ण मुक्तता अडते. दोन महापुरांचे पंचनामे, माल खरेदीची बिले आणि जीएसटीची विवरणपत्रे त्यासाठी जपून ठेवा. मुक्तता मिळेपर्यंत ५० रुपये उधार घ्यायचे तरी आपण नादार आहोत हे सांगणे बंधनकारक आहे, आणि त्या काळात स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही. घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलून ज्याचे दुकान चालते, त्याच्यासाठी यातली पहिली अट निवडणुकीपेक्षा फार जड आहे.

त्यामुळे माझे मत असे आहे: नादारीची तयारी पूर्ण करा, अर्ज मात्र हातात राखून ठेवा. घर तुमच्या किमतीने विकले गेले आणि बँक व पतसंस्था फिटली, तर उरलेली विनातारण देणी तडजोडीने मिटतील आणि न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही. घराचे १६-१७ लाखच आले, किंवा उरलेल्या देणेकऱ्यांनी हुकूमनामे घेऊन जप्त्या सुरू केल्या, तर मात्र वाट पाहू नका, अर्ज करा. त्यात लाज नाही. वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असणाऱ्याला मोफत वकील मिळतो, आणि २२ हजार गुणिले बारा म्हणजे तुम्ही त्या मर्यादेत बसता. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते, म्हणून कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

तुरुंगाचे विचारलेत. फेडण्याची ऐपतच नाही म्हणून दिवाणी देण्यासाठी कोणालाही तुरुंगात टाकता येत नाही; ऐपत असून मुद्दाम टाळले असेल तरच तो प्रश्न येतो, आणि गरिबी हा तुरुंगात टाकण्याचा आधार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्या भागाला हे त्याहून जुने आहे. १८७५ मध्ये पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध शेतकरी उठले, त्यानंतर १८७९ मध्ये झालेला दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी होता, आणि आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा साताऱ्यातच होते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे त्या कायद्याने बंद केले. ज्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी हे मान्य झाले, तिथे तुम्ही ऋणको म्हणून मान खाली घालून फिरण्याचे कारण नाही.

नातेवाइकांचे २ लाख शेवटी राहतील. त्यांना आजच सांगा की सर्वांत शेवटी देईन, पण देईन, आणि महिन्याला दीड-दोन हजार का होईना, ठरलेल्या तारखेला द्या. घरभाडे वजा जाता २९ हजारांत ते बसेल, कारण सावकाराचे २० हजार आता जाणार नाहीत.

मुलीला काय सांगायचे? ती बारावीत आहे, घरातले फोन ऐकते, दाराशी आलेली माणसे पाहते. तिला यातले पुष्कळ कळलेले असणार. पत्नीशी बोलून झाल्यावर दोघांनी मिळून तिला सांगा की धंद्यात कर्ज झाले आहे, घर विकून ते फेडणार आहोत, जवळच दोन खोल्या भाड्याने घेणार आहोत आणि तिचे शिक्षण थांबणार नाही. आजींनाही त्याच दिवशी सांगा. आणि घराचा सौदा ठरेल तेव्हा साठेखतात ताब्याची तारीख मुलीच्या शेवटच्या पेपरानंतरची घालून घ्या. बँकेचे पैसे आधी चुकते होत असतील, तर घर घेणारा माणूस एवढे ऐकतो, असा माझा अनुभव आहे.